सुकळवाडचे दादासाहेब तोरणे

कसालहून मालवणला जाताना वाटेत सुकळवाड हे गाव लागते. या गावात १३ एप्रिल १८९० रोजी रामचंद्र गोपाळ तोरणे यांचा जन्म झाला. पुढे लोक त्यांना दादासाहेब तोरणे म्हणू लागले. आपल्या देशात सिनेमा कसा सुरू झाला ते सांगताना त्यांचे नाव पुष्कळदा राहून जाते. म्हणून मी त्यांची माहिती लिहिते आहे.

दादासाहेब अगदी लहान असताना त्यांचे वडील वारले. घरी गरिबी आली. शाळाही लवकर सुटली. मग ते मुंबईला गेले आणि विजेच्या सामानाच्या एका कंपनीत नोकरीला लागले. तिथे त्यांना यंत्रांची चांगली माहिती झाली. त्यांना नाटकांचा फार नाद होता. त्या वेळी मुंबईत परदेशातले मुके सिनेमे दाखवत. ते बघून आपणही असे चित्र काढावे, असे त्यांच्या मनाने घेतले.

तेव्हा ‘पुंडलिक’ नावाचे एक नाटक होते. आईवडिलांची सेवा करणाऱ्या आणि विठोबाला विटेवर उभा करणाऱ्या पुंडलिकाची गोष्ट आपल्याला ठाऊकच आहे. दादासाहेबांनी नानासाहेब चित्रे आणि रामराव कीर्तिकर यांच्या सोबतीने या नाटकाचे चित्रण करायचे ठरवले. कॅमेरा चालवायला जॉन्सन नावाचा साहेब होता. फीत धुवायला विलायतेला पाठवावी लागली. १८ मे १९१२ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन थिएटरात ‘श्री पुंडलिक’ लोकांना दाखवला. तेव्हा दादासाहेब फक्त २२ वर्षांचे होते.

पुढच्याच वर्षी, ३ मे १९१३ रोजी, त्याच थिएटरात दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. भारतातला पहिला कथाचित्रपट म्हणून त्याचाच मान आहे. मग आमच्या वर्गात वाद झाला. पुंडलिक जर एक वर्ष आधी आला, तर पहिला नंबर त्याचा का नाही? सुकळवाडला ज्यांचे मामा राहतात ती मुलं तर फारच भांडली.

आमच्या बाई आनंददायी शनिवारी वर्गात चित्रपट मंडळ घेतात. आम्ही एक छोटा सिनेमा बघतो आणि मग बाई प्रश्न विचारतात. कॅमेरा कुठे ठेवला होता? तो कोणी ठेवला? कॅमेऱ्याच्या बाहेर काय राहिले? बाईंनी या वादावर उत्तर सांगितलं नाही. त्यांनी मोबाईल बाकावर एका जागी ठेवला आणि आमच्याकडून ‘टोपीवाला आणि माकडे’ करून घेतले. नंतर तेच नाटक परत केले, पण या वेळी मोबाईल कधी टोपीवाल्याच्या तोंडाजवळ, कधी मैदानात, कधी झाडाखाली नेला. मग ते तुकडे जोडून दाखवले. पहिल्यात आम्ही सगळे लांब, लहान लहान दिसलो. जत्रेत मागे बसून दशावतार बघितल्यासारखं वाटलं. दुसऱ्यात नुसती तीन माकडं होती, तरी खूप माकडं आल्यासारखी वाटली!

तेव्हा मला कळलं. पुंडलिक हे रंगभूमीवरच्या नाटकाचे चित्रण होते. फाळक्यांनी सिनेमासाठी वेगळी चित्रे घेतली, फीत इथेच धुतली आणि त्यांचा सिनेमा लांबीलाही मोठा होता. म्हणून काही जाणकार फाळक्यांना पहिले म्हणतात आणि काही तोरण्यांना. पहिला कोण, हे आपण सिनेमा कशाला म्हणतो त्यावर ठरतं. पुंडलिकची फीत आज कुठेच मिळत नाही. त्या वेळच्या वर्तमानपत्रातल्या जाहिरातीवरून तो दाखवला होता हे कळते. मला वाटतं, फीत हरवली तरी माणसाला विसरू नये.

हे प्रश्न मला घरीसुद्धा उपयोगी पडले. गेल्या पावसात मोबाईलवर एक व्हिडिओ आला. आमच्याकडचा पूल वाहून गेला, असं त्यावर लिहिलेलं होतं. आजी घाबरली आणि कोंबड्या माळ्यावर चढवायला लागली. बाबा तर कामावरून त्याच पुलावरून येणार होते. मी व्हिडिओ परत परत बघितला. त्यातल्या एकाही घरावर कौलं नव्हती आणि दुकानाच्या पाटीवरची अक्षरं मराठी नव्हती. मी आईला दाखवलं. आईने बाबांना फोन लावला. पूल जाग्यावर होता. मग आजीने कोंबड्या खाली सोडल्या.

दादासाहेब तोरणे पुंडलिकवर थांबले नाहीत. १९३१ साली ‘आलम आरा’ हा भारतातला पहिला बोलपट आला. त्याचा आवाज मुद्रित करायचे यंत्र त्यांच्या कंपनीने पुरवले होते. मग त्यांनी पुण्यात ‘सरस्वती सिनेटोन’ ही स्वतःची चित्रसंस्था काढली. तिचा १९३२ सालचा ‘श्यामसुंदर’ मुंबईत २५ आठवड्यांहून जास्त चालला. १९ जानेवारी १९६० रोजी पुण्यात दादासाहेबांचे निधन झाले.

आता जवळजवळ प्रत्येक घरात कॅमेरा आहे. म्हणून चित्र काढायला शिकावे आणि चित्र तपासायलाही शिकावे. पालकांनो, तुम्हीही एखाद्या शनिवारी आमच्या चित्रपट मंडळाला या. खाली सतरंजीवर बसावं लागेल आणि बाई तुम्हालासुद्धा प्रश्न विचारतील.

आपल्या शेजारच्या गावात जन्मलेल्या या थोर माणसाला माझा नमस्कार.

इयत्ता ४ थी