रमेशचंद्र मित्र : पात्रतेच्या कसोटीवर उतरलेले न्यायाधीश

कोलकाता शहराच्या उत्तरेकडील बागबाजार हा भाग एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात देशी पत्रकारितेचे महत्त्वाचे केंद्र होता. घोष बंधूंची ‘अमृत बाजार पत्रिका’ येथूनच प्रसिद्ध होत असे. वरिष्ठ पदांवर भारतीयांची नेमणूक व्हावी, हा पत्रिकेच्या जिव्हाळ्याचा विषय होता. १८८२ साली ही मागणी एका वेगळ्याच टप्प्यावर येऊन पोहोचली. कलकत्ता उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशपदाची धुरा प्रथमच एका भारतीयाकडे, न्यायमूर्ती रमेशचंद्र मित्र यांच्याकडे, सोपविण्यात आली.

रमेशचंद्रांचा जन्म १८४० साली झाला. प्रेसिडेन्सी महाविद्यालयात शिक्षण घेऊन त्यांनी कायद्याची पदवी संपादन केली आणि वकिली सुरू केली. दिवाणी दाव्यांतील त्यांचा व्यासंग लवकरच सर्वमान्य झाला. १८७४ मध्ये न्यायमूर्ती द्वारकानाथ मित्र यांचे निधन झाले आणि त्यांच्या रिक्त जागी रमेशचंद्रांची निवड झाली. त्या वेळी त्यांचे वय अवघे ३४ वर्षांच्या आसपास होते.

उच्च न्यायालयात भारतीय न्यायाधीश असणे ही तोवर नवलाची गोष्ट राहिली नव्हती. १८६२ साली न्यायालयाची स्थापना होताच राजा राममोहन राय यांचे पुत्र रमाप्रसाद राय यांची निवड झाली होती. परंतु पदभार स्वीकारण्यापूर्वीच त्यांचे निधन झाले. त्यानंतर १८६३ मध्ये शंभुनाथ पंडित हे पहिले भारतीय न्यायाधीश झाले. मुख्य न्यायाधीशाचे आसन मात्र भारतीयांच्या आवाक्याबाहेरच मानले जात होते.

यामागे कायद्याचेही कारण होते. १८६१ च्या उच्च न्यायालय कायद्यानुसार बॅरिस्टर, सनदी अधिकारी, कनिष्ठ न्यायाधीश आणि दहा वर्षे वकिली केलेले वकील न्यायाधीशपदास पात्र ठरत. मात्र मुख्य न्यायाधीशासह किमान एक तृतीयांश न्यायाधीश बॅरिस्टर असावेत, अशी अट होती. मुख्य न्यायाधीश हा बॅरिस्टरच असला पाहिजे, असा तिचा अर्थ लावला जाई. रमेशचंद्र हे वकील होते, बॅरिस्टर नव्हते. तथापि, मुख्य न्यायाधीश अनुपस्थित असताना त्याच न्यायालयातील कोणत्याही न्यायाधीशाकडे ते काम सोपविण्याची मुभा याच कायद्यात होती.

सर रिचर्ड गार्थ रजेवर गेले तेव्हा व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांनी याच तरतुदीचा आधार घेतला. अँग्लो-इंडियन वर्तुळातून या निर्णयाला विरोध झाला. वास्तविक रमेशचंद्रांना न्यायासनाचा आठ वर्षांचा अनुभव होता. त्यामुळे वादाचा खरा मुद्दा ज्ञानाचा नव्हता, तर युरोपीय न्यायाधीशांच्या वर भारतीयाने बसावे की नाही, हा होता.

पुढच्याच वर्षी हा प्रश्न अधिक तीव्र झाला. जिल्ह्यांतील भारतीय न्यायाधिकाऱ्यांना युरोपीय आरोपींचे खटले चालविण्याचा अधिकार देणारे इल्बर्ट विधेयक फेब्रुवारी १८८३ मध्ये मांडले गेले आणि त्यावरून मोठे वादळ उठले. त्याच सुमारास सुरेंद्रनाथ बॅनर्जी यांनी आपल्या ‘बेंगाली’ पत्रात न्यायमूर्ती नॉरिस यांच्यावर टीका केली. एका दाव्यात शालिग्राम न्यायालयात आणविल्याचे प्रकरण त्यास निमित्त ठरले. न्यायालयाच्या अवमानाबद्दल सुरेंद्रनाथांना दोन महिन्यांची कैद झाली. पाच न्यायाधीशांच्या त्या पीठात रमेशचंद्र हे एकमेव भारतीय होते. शिक्षेच्या प्रश्नावर त्यांनी सहकाऱ्यांहून भिन्न मत नोंदविले. त्यांच्या मते कैदेची आवश्यकता नव्हती. चार युरोपीय सहकाऱ्यांसमोर, तेही अशा तापलेल्या वातावरणात, स्वतंत्र मत देण्यास धैर्य लागत होते. त्यांच्या पात्रतेविषयी शंका घेणाऱ्यांना याहून स्पष्ट उत्तर मिळणे कठीण होते.

१८८६ मध्ये त्यांनी पुन्हा प्रभारी मुख्य न्यायाधीश म्हणून काम पाहिले. सनदी नोकऱ्यांत भारतीयांना वाव देण्याचा विचार करणाऱ्या लोकसेवा आयोगाचेही ते सदस्य होते. १८९० साली ते निवृत्त झाले. व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात १८९१ च्या संमतिवय विधेयकाला त्यांनी विरोध केला. सामाजिक सुधारणांबाबत त्यांची भूमिका सनातनी वळणाची होती, हेही नमूद केले पाहिजे. महाराष्ट्रातही त्या विधेयकावरून असेच दोन तट पडले होते. १३ जुलै १८९९ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांनी पाडलेला पायंडा इतर प्रांतांतही चालू राहिला. मद्रासमध्ये टी. मुथुस्वामी अय्यर यांनी १८९३ मध्ये प्रभारी मुख्य न्यायाधीशपद सांभाळले. त्याच वर्षी न्यायमूर्ती काशीनाथ त्र्यंबक तेलंग यांच्या निधनानंतर महादेव गोविंद रानडे मुंबई उच्च न्यायालयात आले. बॅरिस्टरांचा राखीव वाटा १९३५ च्या कायद्याने संपुष्टात आला. आज राज्यघटनेच्या २१७ व्या अनुच्छेदानुसार दहा वर्षांची वकिली अथवा दहा वर्षांची न्यायिक सेवा ही उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशपदाची पात्रता आहे. कायद्याने घातलेली वर्षांची अट रमेशचंद्रांनी वकिलीतच पूर्ण केली होती. निर्भीडपणाची अट कोणत्याही कायद्यात लिहिलेली नव्हती, ती त्यांनी न्यायासनावर बसून पूर्ण केली.