आगगाडीमागचा माणूस : नाना शंकरशेट



आमच्या रावेरच्या मुलांना रेल्वेचं नवल नाही. स्टेशन गावातच, भुसावळ-खंडवा मार्गावर दिवसभर गाड्या धडधडत जातात. अनेकांच्या घरची केळीही रेल्वेनं दिल्लीकडे गेलेली. मागे चौथीच्या वर्गात 'वाहतुकीची साधने' शिकवताना एक मुलगा उठला आणि म्हणाला, "मॅडम, रेल्वे तर इंग्रजांनी आणली. आपल्या माणसांनी काय केलं?" प्रश्न बरोबर होता. त्याचं उत्तर म्हणून मी मुलांना नाना शंकरशेटांची गोष्ट सांगितली. तीच इथे देत आहे.

नानांचं पूर्ण नाव जगन्नाथ शंकर मुरकुटे. जन्म १० फेब्रुवारी १८०३, ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाडचा. वडील मुंबईतले मोठे व्यापारी. १८२२ मध्ये वडील वारले, तेव्हा नाना विशीतही नव्हते. एवढ्या लहान वयात अफाट संपत्ती हातात आली की मुलगा बिघडतो असं आपण म्हणतो. नाना मात्र शाळांच्या कामात पडले. एल्फिन्स्टन साहेबाच्या काळात मुंबईत नव्या शिक्षणाची संस्था उभी राहिली, तिच्यात नाना पुढे होते. मुलींना शिकवणं म्हणजे पाप असं समजलं जायचं, त्या काळात त्यांनी आपल्या वाड्यात मुलींच्या शाळेला जागा दिली. संस्कृतची 'जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती' तर आपल्यापैकी अनेकांनी ऐकलीच असेल.

आता रेल्वेकडे येऊ. इंग्लंडमध्ये आगगाडी सुरू झाल्याच्या बातम्या मुंबईला पोचत होत्या. मुंबईतही लोहमार्ग हवा, हे नाना आणि सर जमशेटजी जीजीभाई यांनी मनावर घेतलं. १८४५ मध्ये त्यासाठी मंडळ स्थापन झालं. पुढे १८४९ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनी कायदेशीर उभी राहिली. तिच्या दहा संचालकांत हिंदी माणसं दोनच, एक नाना आणि दुसरे जमशेटजींचे चिरंजीव कर्सेटजी. काम ३१ ऑक्टोबर १८५० ला सुरू झालं.

लोकांना मात्र ही गाडी म्हणजे राक्षसच वाटायची. बैल नाही, घोडा नाही, मग ही पळते कशी? एवढ्या वेगानं गेलं तर आयुष्य कमी होतं, अशाही वावड्या उठल्या. मुलांना हा भाग फार आवडतो, पोट धरून हसतात. मग मी त्यांना विचारते, "तुम्ही पहिल्यांदा लिफ्टमध्ये चढलात तेव्हा काय झालं होतं?" वर्ग लगेच गप्प!

१६ एप्रिल १८५३, शनिवार. दुपारी साडेतीनच्या सुमारास बोरीबंदरहून गाडी निघाली. १४ डबे, सुमारे ४०० पाहुणे आणि ओढायला तीन इंजिनं. त्यांची नावंही गमतीदार : साहिब, सिंध आणि सुलतान. २१ तोफांची सलामी झाली आणि गाडी ३४ किलोमीटरवरच्या ठाण्याला निघाली. पाहुण्यांत नाना होते. आणखी एक गंमत म्हणजे दुसऱ्या दिवशी जमशेटजींनी अख्खी गाडी आपल्या कुटुंबासाठी राखून घेतली आणि ठाण्याला जाऊन आले.

इथे मुलांना खरं तेच सांगायला हवं. इंग्रजांनी रेल्वे आपल्या सोयीसाठी आणली. इथला कापूस बंदरावर न्यायचा आणि सैन्य लवकर हलवायचं, हा त्यांचा हिशोब. नानांचा हिशोब वेगळा होता. इथल्या माणसाचा व्यापार वाढावा, शिक्षण वाढावं, सरकारपुढे त्याचं म्हणणं जावं, म्हणून ते झटत होते. १८५२ मध्ये बॉम्बे असोसिएशन स्थापन करण्यातही ते होतेच. १८५७ च्या उठावात त्यांच्यावरही संशय घेतला गेला, चौकशी झाली आणि ते त्यातून निर्दोष सुटले.

३१ जुलै १८६५ ला नाना गेले. भुसावळ ते खंडवा गाडी सुरू झाली १८६६ मध्ये. म्हणजे रावेरवरून पहिली गाडी गेली तेव्हा ते नव्हते. हे ऐकल्यावर तोच मुलगा म्हणाला, "मॅडम, म्हणजे त्यांनी आपली गाडी पाहिलीच नाही?" नाही पाहिली. केळीची बाग लावणाऱ्याला वर्षभरात घड दिसतो, पण चिंच लावणारा पुढच्यांसाठीच लावतो.

वर्गात करून पाहा : १४ रिकाम्या काडीपेट्या दोऱ्यानं जोडा, पुढे तीन इंजिनं लावा. इंजिनांवर मुलांकडून नावं लिहून घ्या. बाटलीच्या झाकणांची चाकं छान होतात. मग एक किलोमीटरला एक पाऊल धरा. बोरीबंदर ते ठाणे ३४ पावलं, आमच्या व्हरांड्यात बसतात. मुंबई ते भुसावळ मात्र सुमारे ४४५ पावलं! आमचं मैदान संपलं तरी भुसावळ आलं नाही. अंतर म्हणजे काय, हे फळ्यावर सांगून कळलं नव्हतं ते त्या दिवशी कळलं.

पालकहो, पुढच्या वेळी फाटक बंद असेल तेव्हा वैतागू नका. मुलाला डबे मोजायला लावा आणि नानांची गोष्ट सांगा.