देवळालीचे कापरेकर मास्तर

एम-थ्रीच्या पेपरला घाबरणाऱ्या आपल्यासारख्यांनी एका मास्तरांची ओळख करून घ्यायलाच हवी. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १७ जानेवारी १९०५, डहाणूचा. आठव्या वर्षी आई गेली. वडील कारकून. फर्ग्युसनमध्ये असताना १९२७ साली गणितासाठी रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालं, १९२९ मध्ये बी.एस्सी. झाले. पुढे एम.एस्सी. नाही, पीएच.डी. नाही. १९३० ते १९६२ देवळालीला शाळामास्तर.

त्यांचा छंद एकच, आकडे. कुठलीही संख्या घ्या, तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. २१ पासून २४ मिळतात, २४ पासून ३०. पण २० कुठूनच मिळत नाही! अशा संख्यांना त्यांनी स्वयंभू म्हटलं, आपल्या टेकडीच्या गणपतीसारखं. ३, ५, ७, ३१, ५३, ९७ हे तर प्राइमही आहेत आणि स्वयंभूही.

नुसत्या एकांच्या संख्यांचीही गंमत बघा. १११ चा वर्ग १२३२१. नऊ एकांचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१. या वर्गांना त्यांनी डेम्लो हे नाव दिलं, एका रेल्वे स्टेशनवरून. यातली ११ प्राइम आहे. त्यानंतरची प्राइम थेट १९ एकांची, मग २३, मग ३१७ एकांची!

१९४९ मध्ये त्यांनी ६१७४ मांडला. चार अंकी संख्या घ्या (चारही अंक सारखे नकोत), अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करा, करत राहा. जास्तीत जास्त सात वेळांत ६१७४ येतोच. त्यांचं जन्मसाल १९०५ घेऊन बघा, बरोबर सात वेळा लागतात.

आपल्याकडचे बरेच गणिती त्यांना हसले. हे काय गणित आहे का, पोरखेळ! मास्तर स्वतःच्या खर्चाने पुस्तिका छापत राहिले, परिषदांना जात राहिले. रिटायर झाल्यावर पेन्शन पुरेना म्हणून शिकवण्या केल्या. १९७५ मध्ये अमेरिकेत मार्टिन गार्डनरने त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा जगाला हे नाव कळलं. तोवर त्यांनी सत्तरी गाठली होती. १९८६ मध्ये ते गेले. त्याच वर्षी १०३१ एकांची संख्या प्राइम असल्याची सिद्धता प्रसिद्ध झाली.

मला वाटतं, मार्कांसाठी गणित करणारे आपण खूप आहोत. कुणी विचारत नसताना पन्नास वर्षं आकड्यांवर प्रेम करणारा असा एखादाच. आज मेसच्या रांगेत उभे असाल तेव्हा मोबाइलमधल्या कॅल्क्युलेटरवर ६१७४ काढून बघाच!