कै. रमाबाई रानडे आणि परिचारिकेचा पेशा

सोलापूरच्या दवाखान्यात आमच्या निंबर्ग्याकडील माणसे नेहमीच जातात. तेथे पांढऱ्या पोशाखातील परिचारिका तान्ह्या मुलाला लीलेने हाताळताना पाहून कोणालाही नवल वाटत नाही. परंतु कुलीन घरातील स्त्रीने हे काम करणे शंभर वर्षांपूर्वी लाजिरवाणे समजत. ती लाज घालविण्यासाठी ज्यांनी आपली प्रतिष्ठा पणास लावली, त्या कै. रमाबाई रानडे यांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देत आहोत.

रमाबाईंचा जन्म 1862 साली देवराष्ट्रे येथे कुर्लेकरांच्या घराण्यात झाला. 1873 साली न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी त्यांचा विवाह झाला, तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती. पतीने त्यांना शिकविण्यास आरंभ केला. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना मात्र ते मुळीच रुचले नाही. त्यांची बोलणी निमूटपणे सोसून रमाबाई मराठी शिकल्या, इंग्रजी शिकल्या आणि सभेत बोलूही लागल्या. 1901 साली न्यायमूर्ती निवर्तले. पदरी मूल नाही, अशा त्या विधवेने उरलेले आयुष्य देवपूजेत घालविले असते, तरी कोणी नावे ठेवली नसती.

1909 साली रमाबाई व गोपाळ कृष्ण देवधर यांनी पुण्यास सेवासदन ही संस्था उभारली. शिवण व लेखन-वाचन यांच्या वर्गांना लोकांनी फारसा विरोध केला नाही. खरा वाद माजला तो ससून रुग्णालयात स्त्रियांना शुश्रूषेचे व सुईणपणाचे शिक्षण देण्याचे ठरले तेव्हा. परजातीच्या रोग्याला शिवायचे, रात्री घराबाहेर राहायचे, बाळंतिणीचा विटाळ अंगावर घ्यायचा, हे विधवांनी करावे काय, असा सवाल लोक करीत. आम्हांला तर त्या विटाळापेक्षा त्याच्या आडून होणारा घात अधिक भयंकर वाटतो. अस्वच्छ विळ्याने नाळ कापल्यामुळे कित्येक अर्भके धनुर्वाताने दगावत आणि लोक दोष देत सटवीला किंवा दृष्टीला! हात व शस्त्र उकळलेल्या पाण्याने स्वच्छ करण्याचे साधे ज्ञान अशिक्षित सुईणीस कोणी दिलेच नव्हते, तेव्हा केवळ तिलाच बोल लावणे न्यायाचे नव्हे.

एकदा संस्थेच्या समारंभात एक केशवपन केलेली विधवा बक्षीस घेण्यास व्यासपीठावर आली, तेव्हा सज्जातील तरुण विद्यार्थ्यांनी तिची टर उडविली. एरवी अत्यंत शांत असलेल्या रमाबाई त्या दिवशी भाषणात संतापल्या आणि सुशिक्षित म्हणविणाऱ्या त्या मुलांना त्यांनी भर सभेत खडसावले. आमच्या शाळेतील मुलांनी हा प्रसंग विशेष लक्ष देऊन वाचावा.

रोग्याची शुश्रूषा ही एक विद्या व बाळंतपण ही दुसरी. दोन्ही येणारी स्त्री माता व बालक या उभयतांच्या उपयोगी पडते. इंग्लंडात सुइणींसाठी 1902 साली व परिचारिकांसाठी 1919 साली निरनिराळे कायदे झाले. मुंबई इलाख्यात असा नोंदणीचा कायदा 1935 साली आला आणि 1947 साली अखिल भारतासाठी परिचर्या परिषदेचा कायदा झाला. आज सामान्य परिचर्या व प्रसूतिविद्या हा जोड अभ्यासक्रम पुरा करून राज्याच्या परिषदेकडे नाव नोंदवावे लागते. त्या नोंदणीचे मुदतीने नूतनीकरण करावे लागते व त्यासाठी नवे ज्ञानही मिळवीत राहावे लागते. एकदा प्रमाणपत्र भिंतीवर टांगले की संपले, असे या पेशात नाही. बाळाच्या औषधाची मात्रा त्याच्या वजनावर ठरते. तेथे जुन्या आठवणीवर विसंबणे घातक होय.

रमाबाई स्वतः परिचारिका नव्हत्या. पण तुरुंगातील स्त्रियांच्या व रुग्णालयातील रोग्यांच्या भेटीस त्या नियमाने जात. मुलींच्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणासाठी व स्त्रियांच्या मताधिकारासाठीही त्या झटल्या. 1924 साली त्यांचे देहावसान झाले. 1962 साली भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपालाचे तिकीट काढले. सेवासदनाचे नाव सोलापुरातही एका मुलींच्या शाळेच्या रूपाने चालू आहे. आमच्या भागातील पुष्कळ मंडळी त्या शाळेवरून जातात-येतात.