महादजी शिंद्यांनी आग्र्यात बंदुकांचा कारखाना काढला होता, पण तिथले कारागीर आपण विसरलो

मालेगाव म्हटलं की लोकांना नाशिकचं मालेगाव आठवतं. आम्ही वाशीमच्या मालेगावचे, हे प्रत्येक वेळी सांगावं लागतं. या मालेगावातून मेडशी, पातूर करत अकोल्याला जायचं आणि तिथून तेल्हाऱ्याकडे वळायचं, की आडगाव लागतं. २९ नोव्हेंबर १८०३ ला याच आडगावच्या शिवारात नागपूरकर भोसल्यांची फौज आणि शिंद्यांचे घोडेस्वार इंग्रजांविरुद्ध लढले आणि हरले.

हरलेल्या लढाईबद्दल आपण फार बोलत नाही. पण या पराभवामागे एक वेगळी गोष्ट आहे, बंदुका आणि तोफा घडवणाऱ्या लोकांची. आणि ती सुरू होते महादजी शिंद्यांपासून.

महादजी हे राणोजी शिंद्यांचे पुत्र. घराणं मूळचं साताऱ्याकडच्या कण्हेरखेडचं. भाऊ जयाप्पा १७५५ मध्ये नागोरला मारले गेले, दत्ताजी १० जानेवारी १७६० ला बुराडी घाटावर पडले. पुढच्याच वर्षी, १४ जानेवारी १७६१ ला पानिपत झालं. त्यात पुतण्या जनकोजीही गेला.

महादजी त्या रणातून निसटले, पण पाठलागावर असलेल्या अफगाण स्वाराने त्यांच्या पायावर घाव घातला. राणेखान नावाच्या भिस्त्याने त्यांना आपल्या बैलावर घालून वाचवलं. महादजींनी त्याला आयुष्यभर भाऊ मानलं आणि सरदारही केलं. पाय मात्र कायमचा अधू झाला.

पुढची दहा वर्षं महादजी पुन्हा उभे राहत होते. १७७१ मध्ये मराठे दिल्लीत शिरले आणि बादशाह शाहआलम परत तख्तावर आला, त्यात महादजी आघाडीवर होते. १७७९ ला वडगावला इंग्रजांना मान तुकवावी लागली, तिथेही ते होते. १७८२ चा सालबाईचा तह त्यांच्याच मध्यस्थीने झाला.

इंग्रजांशी लढताना महादजींनी एक गोष्ट नीट पाहिली होती. रांगेत उभं राहून एका हुकमावर गोळ्या झाडणारं कवायती पायदळ असेल, तर नुसत्या घोडदळाच्या जोरावर ते मोडणं अवघड.

म्हणून १७८४ मध्ये त्यांनी बेन्वा द बॉयन या साव्हॉयच्या माणसाला नोकरीत घेतलं. मराठी कागदपत्रांत हाच डिबॉईन. त्याने पलटणी उभ्या केल्या. पण पलटण उभी केली की प्रश्न येतो, हत्यारं कुठून आणायची?

विकत घ्यायची, तर विकणारा उद्या शत्रू होऊ शकतो. त्यामुळे आग्र्यात कारखाना उभा राहिला. त्याचा प्रमुख होता सँगस्टर नावाचा स्कॉटिश माणूस. तिथे तोफा ओतल्या जात, दारूगोळा बने आणि बंदुकाही घडत. तिथली चापाची बंदूक साधारण दहा रुपयांत तयार व्हायची आणि युरोपातल्या मालाच्या तोडीची मानली जायची.

तिथे नेमकं काय वेगळं होतं?

आपल्याकडची जुनी बंदूक तोड्याची. पेटती वात दारूला लागली की बार उडतो. चापाच्या बंदुकीत वातीची गरज नाही, गारगोटी पोलादावर आपटून ठिणगी पडते. आग्र्यात चापाच्या बंदुका तर झाल्याच, पण डिबॉईनच्या नजीब पलटणींसाठी देशी तोड्याच्या बंदुकीलाच संगीन बसवण्यात आली. म्हणजे शिपायाच्या सवयीचं हत्यार ठेवलं आणि त्यात नव्या लढाईला लागणारी सुधारणा केली.

त्याचा परिणाम लवकरच दिसला. १७८७ ला लालसोटला महादजींना माघार घ्यावी लागली होती. पण २० जून १७९० ला पाटण आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मेडता, अशा दोन मोठ्या लढाया या पलटणींनी जिंकून दिल्या. १२ फेब्रुवारी १७९४ ला पुण्याजवळ वानवडीला महादजी वारले, तेव्हा उत्तर हिंदुस्थानात त्यांच्या तोडीचं सैन्य कुणाकडे नव्हतं.

मग नऊ वर्षांत असं काय झालं?

हत्यारं आपली होती, पण ती चालवणाऱ्या पलटणींचे वरचे अधिकारी परके होते. १८०३ ला युद्ध पेटलं तेव्हा दौलतराव शिंद्यांच्या नोकरीतले इंग्रज अधिकारी सोडून गेले. सेनापती पेराँ सप्टेंबरमध्ये इंग्रजांच्या आश्रयाला गेला. २३ सप्टेंबरला आसईत शिंद्यांच्या तोफांनी वेलस्लीच्या फौजेची दाणादाण उडवली, तरी लढाई गेलीच. ऑक्टोबरमध्ये आग्र्याचा किल्ला पडला आणि हत्यारं बनवण्याचं ठिकाणच हातातून गेलं. आडगाव त्यानंतरचं.

या कारखान्याबद्दल वाचताना सँगस्टरचं नाव सापडतं. भट्टीवर बसलेल्या लोहाराचं, नळी ओढणाऱ्याचं, दस्ता कोरणाऱ्या सुताराचं नाव सापडत नाही. त्यांची ओळख उरली असेल, तर ती त्यांच्या कामातच.

म्हणून संग्रहालयात जुनी लष्करी बंदूक दिसली, की पाटी वाचून लगेच पुढे जाऊ नका. आधी बाजूचा चाप बघा. वात धरायचा आकडा आहे की गारगोटी धरायचा जबडा? मग शिक्का शोधा. ईस्ट इंडिया कंपनीच्या बंदुकांवर हृदयाच्या आकाराचं चिन्ह असायचं, १८०८ नंतर सिंह आला. शेवटी नळीचं टोक बघा. तोड्याच्या बंदुकीला संगीन अडकवायची सोय केलेली दिसली, तर कुणीतरी विचार करून जुन्या हत्यारात बदल केलाय. घाट विलायती, पण कंपनीचा शिक्का कुठेच नाही, असं असेल तर ती देशी कारागिराची असण्याची शक्यताही लक्षात घ्या. एवढ्यावरून ती आग्र्याचीच, असं मात्र म्हणता येणार नाही.

वानवडीच्या शिंदे छत्रीवर महादजींची आठवण जपली आहे. त्यांच्या शिपायाच्या हातात बंदूक देणाऱ्या कारागिरांची छत्री कुठेच नाही.