अजमलीन: एका नावाची गोष्ट

नववीत सरांनी मोरचुदाच्या द्रावणात दोरा सोडून स्फटिक वाढवायला शिकवले, ते तुम्हालाही आठवत असेल. पुढे माझी नोकरी औषधांच्या प्रयोगशाळेत झाली. तिथे डॉ. सलीमुज्जमान सिद्दीकींची ओळख झाली, अर्थात त्यांच्या कामातून.

१८९७ साली लखनौजवळ जन्मलेले सिद्दीकी अलीगढला तत्त्वज्ञान आणि फारसी शिकले. वैद्यकासाठी लंडनला गेले, पण फ्रँकफुर्टला जाऊन रसायनशास्त्रज्ञ झाले. उत्तम चित्रेही काढत. दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात वनौषधींवर संशोधन सुरू करण्याची जबाबदारी हकीम अजमल खान यांनी या तरुणावर टाकली. पण काम आकाराला येण्याआधीच, डिसेंबर १९२७ मध्ये, हकीमसाहेब गेले.

सिद्दीकींनी सर्पगंधेची मुळे हाती घेतली. तेव्हाची रीत कष्टाची. मुळांची पूड अल्कोहोलमध्ये भिजवायची, अर्क आटवायचा, तो आम्लात घेऊन गाळायचा, अल्कली घालून साका खाली बसवायचा आणि पुन्हा पुन्हा स्फटिक करायचे. वितळणबिंदू बदलेनासा झाला की द्रव्य शुद्ध झाले असे समजायचे. मी हे हाताने केले आहे. टोपलीभर मुळांतून चिमूटभर हाती लागते.

१९३१ मध्ये त्यांनी पाच अल्कलॉइडे वेगळी केली. दोन पिवळी, त्यांना वनस्पतीच्या लॅटिन नावावरून सर्पेंटीन व सर्पेंटिनीन म्हटले. तीन पांढरी: अजमलीन, अजमलिनीन, अजमलिसीन. ज्यांनी विश्वास टाकला आणि फळ पाहिले नाही, त्या हकीमसाहेबांचे नाव तिन्हींना. स्वतःचे एकालाही नाही.

सर्पगंधेचा रक्तदाबावरचा गुण १९४९ मध्ये आपल्या मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकिलांनी जगापुढे मांडला. त्यामागचे मुख्य द्रव्य, रेझरपीन, १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये सापडले. म्हणजे त्याच मुळांतले मोठे यश दुसऱ्यांच्या हाती गेले. सिद्दीकी मात्र थांबले नव्हते. १९४२ मध्येच त्यांनी कडुनिंबातून निंबीन काढले होते. १९५१ मध्ये ते पाकिस्तानात गेले, कराचीत संशोधन संस्था उभ्या केल्या आणि १९९४ मध्ये तिथेच वारले.

हृदयाचा एक छुपा आनुवंशिक दोष ओळखण्यासाठी डॉक्टर आजही अजमलीन टोचतात. सीमेच्या दोन्ही बाजूंना बदल झाले, ते नाव टिकले.

माझ्या हातून एकही नवे द्रव्य निघाले नाही. निघाले असते, तर त्याला कोणाचे नाव दिले असते हे मला नक्की ठाऊक आहे. सर, तो निळा खडा अजून माझ्या टेबलावर आहे.