विश्लेषण : गुलामगिरी संपवणाऱ्या सेनानीविरुद्ध मजुरांनीच बंड का केले? तूसाँ लुव्हेर्तूरची गोष्ट

हैतीने स्वातंत्र्याच्या बदल्यात फ्रान्सला दिलेल्या भरपाईचा विषय गेल्या काही वर्षांत पुन्हा चर्चेत आला आहे. या भरपाईच्या हुकमाला १७ एप्रिल २०२५ रोजी दोनशे वर्षे झाली. त्या दिवशी फ्रान्सचे अध्यक्ष इमॅन्युएल माक्राँ यांनी दोन्ही देशांतील इतिहासकारांचा संयुक्त आयोग नेमण्याची घोषणा केली. पण हैती स्वतंत्र झाला कसा, हे समजून घ्यायचे तर तूसाँ लुव्हेर्तूर या माणसापासून सुरुवात करावी लागते. तो गुलाम म्हणून जन्माला आला आणि वसाहतीचा सर्वेसर्वा झाला. स्वातंत्र्याला नऊ महिने उरले असताना फ्रान्सच्या तुरुंगात त्याचा मृत्यू झाला.

हैतीत त्या वेळी काय होते?

क्युबाच्या पूर्वेला हिस्पॅनिओला नावाचे बेट आहे. त्याचा पश्चिमेकडील भाग म्हणजे आजचा हैती. अठराव्या शतकात ही ‘सँ दोमांग’ नावाची फ्रेंच वसाहत होती. आकाराने ती इतकी लहान की महाराष्ट्रात असे अकरा प्रदेश मावतील. तरीही १७८० च्या दशकात युरोपात खपणाऱ्या साखरेपैकी सुमारे ४० टक्के साखर आणि निम्म्याहून अधिक कॉफी येथून जात असे.

ही संपत्ती सुमारे पाच लाख गुलामांच्या कष्टावर उभी होती. गोरे लोक होते ३० ते ४० हजार. जवळपास तितकेच मुक्त कृष्णवर्णीय आणि मिश्रवंशीय होते. गुलामांचे मृत्यू इतके होत की मळे चालू ठेवण्यासाठी आफ्रिकेतून सतत नवी माणसे आणली जात. १७९१ मध्ये वसाहतीतील बहुसंख्य गुलाम आफ्रिकेत जन्मलेले होते.

ऊस तोडल्यावर लवकर गाळला नाही तर उतारा घटतो, हे महाराष्ट्रातील वाचकाला सांगायला नको. तेथेही मळा आणि घाणा एकाच जागी असे आणि हंगामात रात्रंदिवस गाळप चाले. साखर हवी तर शेकडो माणसे ठरल्या वेळी ठरल्या कामाला हजर हवीत. तूसाँची सगळी कारकीर्द याच गणितात अडकलेली दिसते.

तूसाँ कोण होता?

त्याचा जन्म १७४३ च्या सुमारास वसाहतीच्या उत्तरेकडील ब्रेदा मळ्यावर झाला. तो जनावरांची देखभाल करी, पुढे मळ्याच्या व्यवस्थापकाची घोडागाडी हाकू लागला. त्याला झाडपाल्याची औषधे ठाऊक होती. तो लिहायला-वाचायला शिकला, पण फ्रेंच शुद्धलेखन त्याला कधीच नीट जमले नाही. पुढे सत्ता आल्यावर तो एकाच वेळी अनेक लेखनिकांना मजकूर सांगत असे.

बंड झाले तेव्हा तो गुलाम होता, असे बराच काळ मानले जाई. विसाव्या शतकात सापडलेल्या कागदपत्रांवरून मात्र तो १७७६ च्या आधीच मुक्त झाल्याचे दिसते. काही काळ त्याने कॉफीचा मळा खंडाने घेतला होता आणि त्यावर गुलाम राबत होते. म्हणजे त्याने मळा दोन्ही बाजूंनी पाहिला होता. त्याच्या पुढच्या निर्णयांचा अर्थ लावताना ही गोष्ट विसरता येत नाही.

बंडात तो कसा उतरला?

१७८९ च्या फ्रेंच राज्यक्रांतीने समतेची भाषा आणली, पण ती गुलामांना लागू करायला पॅरिस तयार नव्हते. २२ ऑगस्ट १७९१ च्या रात्री उत्तरेकडील मैदानी भागात गुलामांनी उठाव केला आणि एकामागून एक मळे पेटले. तूसाँ लगेच त्यात सामील झाला नाही. जुन्या व्यवस्थापकाच्या कुटुंबाला सुरक्षित ठिकाणी पोहोचवल्यावर तो बंडखोरांच्या छावणीत गेला. सुरुवातीला त्याच्याकडे औषधोपचार आणि पत्रव्यवहार ही कामे होती.

त्या वर्षाच्या अखेरीस बंडखोर नेत्यांनी गोऱ्यांच्या सभेशी बोलणी केली. मूठभर नेत्यांना मुक्त करा, बाकीच्यांना आम्ही मळ्यांवर परत पाठवतो, असा प्रस्ताव होता. त्या बोलण्यांत तूसाँही होता. मळेवाल्यांच्या सभेने तो प्रस्तावही धुडकावला. त्यानंतर तडजोडीची वाट बंद झाली. सर्वांची मुक्ती ही तूसाँची जाहीर मागणी झाली.

त्याने बाजू का बदलली?

१७९३ मध्ये फ्रान्सचे स्पेन आणि ब्रिटनशी युद्ध सुरू झाले. बेटाचा पूर्व भाग स्पेनकडे होता. स्पेनने बंडखोरांना शस्त्रे आणि हुद्दे देऊ केले आणि तूसाँ स्पेनच्या बाजूने लढू लागला. याच काळात त्याने ‘लुव्हेर्तूर’ हे आडनाव घेतले. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ ‘वाट उघडणे’ असा होतो.

२९ ऑगस्ट १७९३ रोजी फ्रेंच आयुक्त सोंतोना याने वसाहतीच्या उत्तर भागात गुलामगिरी रद्द केली. शत्रू दारात असताना त्याला सैनिक हवे होते. ४ फेब्रुवारी १७९४ रोजी पॅरिसच्या कन्व्हेन्शनने सर्व फ्रेंच वसाहतींतील गुलामगिरी रद्द केली. इकडे स्पेन आणि ब्रिटन आपल्या ताब्यातील भागात गुलामगिरी कायम ठेवत होते. मे १७९४ च्या सुमारास तूसाँ आपल्या फौजेसह फ्रान्सकडे आला.

याला कुणी संधिसाधूपणा म्हणतात, कुणी मुत्सद्देगिरी. मात्र ज्या देशाच्या कायद्यात मुक्ती होती, त्याच देशाकडे तो गेला, हे तारखांवरून दिसते. पुढची चार वर्षे तो ब्रिटिशांशी लढला. पीतज्वराने ब्रिटिशांचे हजारो सैनिक मेले आणि १७९८ मध्ये त्यांनी तूसाँशी करार करून बेट सोडले. १८०० पर्यंत त्याने दक्षिणेतील प्रतिस्पर्धी सेनानी आंद्रे रिगो याचा रक्तरंजित यादवीत पराभव केला. जानेवारी १८०१ मध्ये बेटाचा स्पॅनिश भागही त्याने ताब्यात घेतला.

मग मजूर त्याच्यावर का उलटले?

सगळे बेट हाती आले तेव्हा मळे जळालेले होते आणि तिजोरी रिकामी होती. फ्रान्समध्ये नेपोलियन सत्तेवर आला होता आणि गुलामगिरीचे समर्थक त्याच्याभोवती जमले होते. तूसाँचा हिशेब सरळ होता. मुक्ती टिकवायची तर फौज हवी, फौजेला बंदुका आणि दारूगोळा हवा. तो अमेरिकी व्यापाऱ्यांकडून मिळत होता, पण त्यासाठी साखर आणि कॉफी विकावी लागणार होती.

मुक्त झालेल्या लोकांना काही वेगळेच हवे होते. स्वतःचा जमिनीचा तुकडा, त्यात रताळी, कंद, केळी आणि कुणाचा हुकूम नाही, ही त्यांची स्वातंत्र्याची कल्पना होती. ऊस म्हणजे त्यांच्यासाठी चाबूक होता.

ऑक्टोबर १८०० मध्ये तूसाँने हुकूम काढला. मळ्यावरील मजुराने आपल्या मळ्यावरच काम करायचे. परवान्याशिवाय मळा सोडणारा मजूर हा पळालेल्या सैनिकासारखा गुन्हेगार ठरेल. देखरेख लष्कर करील. मजुरांना उत्पन्नाचा चौथा हिस्सा मिळणार होता आणि कुणाची खरेदी-विक्री होणार नव्हती. हा गुलामगिरीतील आणि या व्यवस्थेतील मोठा फरक होता. पण फेब्रुवारी १८०१ मध्ये त्याने छोट्या जमिनींच्या खरेदीवरही बंदी आणली. साधारण १६० एकरांपेक्षा लहान तुकडा विकता येणार नव्हता. चार मजुरांनी पैसे जमवून जमीन घ्यावी, ही वाटही त्यामुळे बंद झाली. अनेक मळे त्याच्याच अधिकाऱ्यांनी खंडाने घेतले. परागंदा झालेल्या गोऱ्या मालकांनाही त्याने परत बोलावले.

जुलै १८०१ च्या राज्यघटनेने गुलामगिरी कायमची रद्द केली. त्याच घटनेने तूसाँला तहहयात गव्हर्नर केले आणि वारस नेमण्याचा अधिकार दिला.

ऑक्टोबर १८०१ मध्ये उत्तरेतील मजुरांनी उठाव केला. त्या भागाचा सेनापती होता म्वाझ, तूसाँने पुतण्या मानलेला तरुण. मजुरांवर सक्ती करायला आणि गोऱ्या मळेवाल्यांना मोकळीक द्यायला त्याचा विरोध होता. तूसाँने उठाव निर्दयपणे मोडला आणि नोव्हेंबरमध्ये म्वाझला गोळ्या घालण्यात आल्या. सी. एल. आर. जेम्स यांच्या ‘द ब्लॅक जॅकोबिन्स’ या १९३८ च्या प्रसिद्ध ग्रंथात याच घटनेकडे तूसाँच्या ऱ्हासाची खूण म्हणून पाहिले आहे. आपण काय करतो आहोत आणि का, हे त्याने आपल्याच लोकांना विश्वासात घेऊन सांगितले नाही, असा त्यांचा आक्षेप आहे.

नेपोलियनने काय केले?

त्याच शरद ऋतूत फ्रान्स आणि ब्रिटनमध्ये तहाची बोलणी पुढे सरकली आणि समुद्र मोकळा झाला. नेपोलियनने आपला मेहुणा जनरल लक्लेर्क याला मोठे आरमार आणि २० हजारांहून अधिक सैनिक देऊन पाठवले. १८०२ च्या फेब्रुवारीत हल्ला सुरू झाला. फ्रान्समध्ये शिकणारी तूसाँची दोन मुले, प्लासीद आणि इझाक, याच आरमारातून आली होती. बापाने शरण यावे म्हणून नेपोलियनने त्यांना सोबत पाठवले होते. तूसाँने मुलांना निवड करू दिली. सावत्र मुलगा प्लासीद त्याच्या बाजूने लढायला उभा राहिला. सख्खा मुलगा इझाक फ्रान्सविरुद्ध शस्त्र धरायला तयार झाला नाही.

क्रेत-आ-पिएरो किल्ल्यावर तूसाँचा सेनापती देसालिन याने फ्रेंचांना जबर तडाखा दिला. पण अनेक अधिकारी न लढताच फ्रेंचांना मिळाले होते. काही महिन्यांपूर्वी गोळ्या झेललेले मजूरही सगळीकडे त्याच्यासाठी उठले नाहीत. मे महिन्यात तूसाँने तह केला आणि तो आपल्या मळ्यावर परतला. ७ जून १८०२ रोजी एका फ्रेंच जनरलने त्याला भेटीला बोलावले आणि तेथेच दगा देऊन पकडले.

त्याला स्विस सीमेजवळील जुरा पर्वतातील फोर द जू या किल्ल्यात ठेवले गेले. उष्ण प्रदेशातील साठीच्या घरातील माणसासाठी तेथील थंडीच शिक्षा होती. जळण मोजून मिळे. गणवेश काढून घेण्यात आला. त्याने नेपोलियनला उद्देशून आपली कैफियत लिहिली आणि रीतसर खटल्याची मागणी केली. उत्तर आले नाही. ७ एप्रिल १८०३ रोजी तो कोठडीत मृतावस्थेत सापडला.

त्याच्यानंतर काय झाले?

फ्रेंचांनी ग्वाडेलूप बेटावर गुलामगिरी पुन्हा लादल्याची बातमी १८०२ च्या उत्तरार्धात येऊन पोहोचली. फ्रेंच सैन्याच्या येण्यामागचा हेतू आता उघड झाला आणि मजूर पेटून उठले. फ्रेंचांना मिळालेले कृष्णवर्णीय सेनानीही उलटले. पीतज्वराने फ्रेंच फौज पोखरली, लक्लेर्कही त्यातच मेला. १८ नोव्हेंबर १८०३ रोजी व्हेर्तिएरच्या लढाईत फ्रेंचांचा निर्णायक पराभव झाला. १ जानेवारी १८०४ रोजी देसालिनने हैतीचे स्वातंत्र्य जाहीर केले.

कॅरिबियनमधील साम्राज्याचे स्वप्न विरल्यावर नेपोलियनने उत्तर अमेरिकेतील लुइझियाना हा अफाट प्रदेश १८०३ मध्येच दीड कोटी डॉलरना अमेरिकेला विकला. त्या अमेरिकेने हैतीला मान्यता दिली ती १८६२ मध्ये.

फ्रान्सने मान्यतेची किंमत वसूल केली. १८२५ मध्ये युद्धनौका पाठवून मळेवाल्यांच्या नुकसानीपोटी १५ कोटी फ्रँक मागितले गेले. पुढे ही रक्कम नऊ कोटींवर आणली गेली, पण ती फेडण्यासाठी हैतीला फ्रेंच बँकांकडूनच कर्ज काढावे लागले. त्या कर्जांचे ओझे विसाव्या शतकातही उतरले नव्हते.

तूसाँचे मूल्यमापन कसे करायचे?

नेपोलियन गुलामगिरी परत आणणार, ही तूसाँची भीती खरी ठरली. फौजेशिवाय मुक्ती टिकणार नाही, हेही खरे ठरले. पण ती फौज उभी करण्यासाठी ज्यांच्यावर सक्ती केली, त्यांनाच तो परका झाला. स्वातंत्र्यानंतरही देसालिन आणि उत्तरेचा राजा क्रिस्तोफ यांनी मळ्यांची सक्ती चालू ठेवून पाहिली, पण ती टिकली नाही. पुढच्या काही दशकांत सामान्य हैतीवासीयांनी जमिनी लहान तुकड्यांत वाटून घेतल्या आणि साखरेची निर्यात जवळजवळ संपली. म्वाझला ज्या मजुरांचे म्हणणे पटले होते, अखेर त्यांच्याच मनासारखे झाले. मात्र १८२५ नंतर त्या छोट्या शेतांत पिकणाऱ्या कॉफीवरील करातूनच फ्रान्सचे हप्ते जात राहिले.